मुलींचं रेटिंग नेमकं कुठे अडतं?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी बारा वर्षांची, सातवीत, बुद्धिबळ खेळते, रेटिंग (स्पर्धांतल्या निकालांवरून ठरणारा ताकदीचा आकडा) १५८०. मुलींच्या गटात जिल्ह्यात कायम पहिल्या तिघींत, पण ओपनमध्ये, म्हणजे सगळे एकत्र खेळतात त्या खुल्या स्पर्धेत, उतरली की साठ-सत्तराव्या नंबरावर. क्लासचे सर म्हणतात, गर्ल्स गटावरच लक्ष ठेवा, टायटल (किताब) लवकर होईल. घरात दीर म्हणतात, जगातल्या पहिल्या शंभरांची यादी काढा, एक तरी बाई दिसते का बघा, मग ठरवा पैसा घालायचा की नाही ते. खरं काय आणि करायचं काय?

ताई, मी बरीच वर्षं मुलांना शिकवतो आणि आर्बिटर, म्हणजे स्पर्धेचा पंच, म्हणून हॉलमध्येही उभा असतो. दिरांची यादी खोटी नाही, ती आधी मान्य करून टाकू. खुल्या क्रमवारीत आज पहिल्या शंभरात एकही स्त्री नाही. आजवर तिथे पोचल्या त्या तिघी: जॉर्जियाची माया चिबुर्दानिद्झे, हंगेरीची ज्युडिट पोल्गार, चीनची हौ यिफान. त्यांतली ज्युडिट २००५ मध्ये २७३५ रेटिंगवर जगात आठवी होती. जगभरात दोन हजारांच्या आसपास ग्रँडमास्टर (हा या खेळातला सर्वोच्च किताब) झाले, त्यांत स्त्रिया चाळिशीच्या घरात. आपल्याकडच्या चौघी म्हणजे कोनेरू हंपी, द्रोणवल्ली हरिका, आर. वैशाली आणि २०२५ पासून नागपूरची दिव्या देशमुख.

पण यादीच्या टोकाकडे बघून गटाची कुवत ठरवणं हा हिशेबाचा घोळ आहे. एका डब्यात शंभर चिठ्ठ्या टाका, दुसऱ्यात आठ. सगळ्यांवर मनाला येईल तो आकडा, कुणाला झुकतं माप नाही. सगळ्यात मोठा आकडा आठ चिठ्ठ्यांच्या डब्यात सापडायची शक्यता किती? १०८ मध्ये ८, म्हणजे साडेसात टक्केसुद्धा नाही. जगातल्या रेटेड खेळाडूंमध्ये स्त्रिया दहात एकीच्या आसपास आहेत. तेव्हा पहिला नंबर, पहिले दहा, पहिले शंभर, जिथे जिथे टोक बघाल तिथे मोठा गटच दिसणार, आणि त्यासाठी कुणाच्या डोक्यात काही कमी असायची गरज नाही.

जर्मन खेळाडूंच्या आकडेवारीवर २००९ मध्ये मेरिम बिलालिच आणि सहकाऱ्यांनी हाच हिशेब मांडला. वरच्या शंभर पुरुष आणि शंभर स्त्रियांच्या रेटिंगमधला फरक बघितला, तर त्यातला ९६ टक्के नुसत्या संख्येने समजतो, असं त्यांचं म्हणणं होतं. लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या पद्धतीवर आक्षेप आला आणि दुरुस्त हिशेबात हा वाटा दोन-तृतीयांशाच्या आसपास उतरला. मला दुसरा आकडा जास्त पटतो. संख्येने बरंच समजतं, सगळं समजत नाही.

न समजणारा भाग झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जॉर्जियात नोना गाप्रिंदाश्विली १९६२ मध्ये महिला विश्वविजेती झाली, तिच्या मागून माया आली, आणि साऱ्या देशात मुलींनी बुद्धिबळ खेळणं ही रीत होऊन बसली. तरीही तिथल्या अव्वल पुरुषाचं आणि अव्वल स्त्रीचं रेटिंग जुळत नाही. किंवा चेन्नईचं घर बघा. वैशाली मोठी, खेळायला आधी बसली ती. धाकटा प्रज्ञानंद तिचं बघून बसला. आईवडील तेच, प्रशिक्षक आर. बी. रमेश तेच. तो बाराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, ती बाविसाव्या. एका घरावरून नियम निघत नाही, पण ‘संधी दिली की झालं’ म्हणणाऱ्यांना हे उदाहरण पचवावं लागतं.

मग उरलेला फरक कुठून येतो? शरीर-मेंदूच्या बाजूने काही आहे का, यावर वाद घालणारे घालोत. तो निकाली निघालेला नाही आणि बारा वर्षांच्या मुलीच्या पुढच्या महिन्याच्या एन्ट्रीशी त्याचा संबंध नाही. मी हॉलमध्ये उभा राहून जे बघतो ते सांगतो. दहा ते पंधरा या वयात मुलीला तोडीचे आणि तोडीच्या वरचे डाव मुलाच्या मानाने फार कमी मिळतात. फरक बराचसा तिथे तयार होतो.

तुमच्या मुलीचंच रेटिंग घेऊन हिशेब करू. मुलींच्या नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत तिच्या प्रतिस्पर्धींची सरासरी १४३० धरा. दीडशेचा फरक, म्हणजे तिच्याकडून दर डावाला ०.७० गुणाची अपेक्षा, नऊ डावांत ६.३. तिने ७ केले, ट्रॉफी मिळाली, फोटो झाला. अठरा वर्षांखालच्यांचा के-फॅक्टर, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्तीच्या गुणांना गुणायचा आकडा, ४०, तेव्हा रेटिंग वाढलं ०.७ गुणिले ४०, म्हणजे २८. आता ओपन. समोरच्यांची सरासरी १७३० धरा. अपेक्षा दर डावाला ०.३०, नऊ डावांत २.७. तिने ४ केले. नंबर सत्तरावा, हातात पार्टिसिपेशन सर्टिफिकेट, घरी येताना गाडीत सगळे गप्प. रेटिंग वाढलं १.३ गुणिले ४०, म्हणजे ५२. ज्या स्पर्धेला तुम्ही अपयश म्हणताय तिथे ती जवळजवळ दुप्पट चालली आहे.

आणि रेटिंग ही तर वरवरची गोष्ट झाली. १४३० वाली पंधराव्या चालीला घोडा फुकट देते, डाव तिथेच संपतो. १७३० वाला देत नाही. तो एका जास्तीच्या प्याद्यावर हत्तीचा एंडगेम (मोजकी मोहरी उरलेला डावाचा शेवटचा टप्पा) चार तास खेळवतो, आणि मग लक्षात येतं की आपल्याला राजा कुठल्या बाजूने न्यायचा तेच माहीत नव्हतं. हे ज्ञान क्लासमध्ये फळ्यावर मिळत नाही असं नाही, पण हरून आल्याशिवाय ते अंगात मुरत नाही. मुलींच्या गटात सतत जिंकणाऱ्या मुलीचे एंडगेम मला कच्चेच दिसतात, आणि त्याचं कारण साधं आहे: तिच्यावर एंडगेम खेळायची वेळच येत नाही. काही ठिकाणी तर जिल्हा निवडीला मुलींच्या गटात चारच नावं येतात आणि निवडायच्या असतात चार. पहिली चाल व्हायच्या आधी चौघी राज्य स्पर्धेला पोचलेल्या असतात. मुलग्यांच्या गटात त्याच चार जागांसाठी हॉल भरलेला असतो.

दुसरी गोष्ट फेरी संपल्यावरची. डाव संपला की मुलगे बाहेर व्हरांड्यात पट मांडतात. तिथे हरलेला, जिंकलेला, शेजारच्या बोर्डवरचा आणि कुणाचा तरी कोच, सगळे मिळून पोस्टमॉर्टेम करतात. ‘इथे उंट का नाही मारलास?’ ‘मारला तर वजीर बी-सहावर येतो ना!’ रात्री हॉस्टेलच्या खोलीत ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांचे झटपट डाव, सुरू, बारा-बारा वाजेपर्यंत. मुलगी स्कोअरशीट सही करून देते, बाहेर आई किंवा बाबा थांबलेले असतात, बाटली-स्वेटर भरून ती लॉजवर जाते. आईची काळजी चुकीची नाही, मी आई असतो तर मीही तेच केलं असतं. पण वर्षाला दहा स्पर्धा म्हटल्या तर या व्हरांड्यातल्या आणि खोलीतल्या शिकण्याचे शेकडो डाव तिच्या वाट्याला येतच नाहीत. पंधराव्या वर्षी दोघांच्या खेळात जो फरक दिसतो त्यातला किती या व्हरांड्यातला आहे, हे कुणी मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही. माझ्या मते पुष्कळ.

वर पोचलेल्या बायकांची घरं बघितली की मला हे आणखी पटतं. मुंबईच्या खाडिलकर भगिनी घ्या, ‘नवाकाळ’च्या नीळकंठ खाडिलकरांच्या मुली. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीने जिंकली आणि पुढची जवळपास दहा वर्षं ते विजेतेपद वासंती, जयश्री आणि रोहिणी यांच्या घराबाहेर गेलंच नाही. हंगेरीतल्या पोल्गारही तिघी बहिणी. पुण्यात मृणालिनी कुंटेचा भाऊ अभिजित ग्रँडमास्टर. वैशाली-प्रज्ञानंद वर आलेच. या मुलींना स्पारिंगसाठी रात्री आठनंतर कुठे जावं लागत नव्हतं. तोडीचा खेळाडू जेवणाच्या ताटावर शेजारी बसलेला असायचा. प्रतिभा होतीच, पण ती घासायला दगड घरातच होता. चेन्नईच्या घराने प्रश्नही उभा केला आणि उत्तरही दिलं असं म्हणा हवं तर: भावाइतक्या वेगाने नसेल, पण बहीण ग्रँडमास्टर झाली, आणि भारतात असं म्हणता येईल अशा चारच आहेत.

दार बंद असण्याचा इतिहासही फार जुना नाही. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर राष्ट्रीय पुरुष स्पर्धेत खेळली तेव्हा मुलगी इथे कशी, म्हणून गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून स्त्रियांना वगळता येणार नाही. यूव स्वतः माजी विश्वविजेते, आणि तरुणपणी इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत पहिली महिला विश्वविजेती व्हेरा मेन्चिक हिच्याकडून दोनदा हरलेले. त्यांना निदान हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दहा वर्षांनी त्याच फिडेने सगळ्या महिला खेळाडूंना शंभर रेटिंग गुण बक्षीस दिले आणि एकट्या सुसान पोल्गारला वगळलं, कारण काय, तर ती पुरुषांशी खेळून रेटिंग कमावत होती! आज ज्याला आपण योग्य मार्ग म्हणतो तो चालल्याची ती शिक्षा होती.

‘मुली पुरुषांसमोर दबतात’ हेही तुम्हाला कुणीतरी ऐकवेल. इटलीतल्या संशोधकांनी २००८ मध्ये स्त्री-पुरुषांच्या ४२ जोड्या इंटरनेटवर खेळवल्या. समोर पुरुष आहे असं सांगितलं की स्त्रियांचा खेळ घसरला, समोर स्त्री आहे असं खोटं सांगितलं की त्याच पुरुषांशी त्या बरोबरीने खेळल्या. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पुढची कमी सांगितली जाते: २०१८ मध्ये टॉम स्टॅफर्ड यांनी प्रत्यक्ष स्पर्धांमधले लाखो डाव तपासले, आणि पुरुषांविरुद्ध स्त्रिया रेटिंगवरून अपेक्षा असते त्यापेक्षा किंचित सरसच निघाल्या. मला ते स्वाभाविक वाटतं. मुलींच्या लहान गटात एकमेकींचेच गुण फिरत राहतात, त्यामुळे त्यांचं रेटिंग खऱ्या ताकदीच्या थोडं खाली राहतं. माझ्याकडच्या मुली ओपनमध्ये बसतात तेव्हा समोरच्या काकांना १५८० दिसतं आणि पंचविसाव्या चालीला ते पाणी मागवतात.

दबाव असतो, पण तो बहुतेक वेळा पटाच्या पलीकडून येत नाही. अमेरिकेत पालक आणि प्रशिक्षकांना विचारलं की हे मूल जास्तीत जास्त कुठवर जाईल, तर मुलींसाठी त्यांनी मुलग्यांपेक्षा खालचा आकडा सांगितला. २०२३ मध्ये आलेला हा अभ्यास वाचला तेव्हा मला आपल्याकडचे क्लास आठवले. मुलगा १५८० ला असला की सर त्याच्या वडिलांना सांगतात, दोन वर्षांत दोन हजार करू. मुलगी १५८० ला असली की सांगतात, छान आहे, स्टेट खेळेल. ज्याला दोन हजार सांगितले त्याला आठवड्याला एंडगेमचे दोन तास जास्त मिळतात. तुमच्या सरांचा सल्ला वाईट हेतूचा नाही, पण त्यातही हाच हिशेब दडलेला आहे.

महिला टायटलबद्दल. वुमन ग्रँडमास्टरला २३०० रेटिंग लागतं, ग्रँडमास्टरला २५००, मधला इंटरनॅशनल मास्टर २४००. म्हणजे सर्वोच्च महिला किताब साध्या आय.एम.च्याही शंभर गुण खाली. तो वाटेत मिळाला तर घ्या, त्यावर निमंत्रणं मिळतात, नोकरीच्या अर्जात तो उपयोगी पडतो. पण त्याच्याकडे बघून तयारी आखू नका, कारण तयारी २३०० ची केली की माणूस २२०० ला थांबतो. महिला स्पर्धा बंद कराव्यात असंही मी म्हणणार नाही, जरी माझे काही मित्र तावातावाने म्हणतात. बुडापेस्टला २०२४ मध्ये भारतीय महिला संघाने ऑलिंपियाड सुवर्ण जिंकलं, कर्णधार आपले अभिजित कुंटे, तिसऱ्या बोर्डावर दिव्याला वैयक्तिक सुवर्ण. त्यानंतरच्या बॅचला माझ्याकडे मुली जास्त आल्या. २०२५ मध्ये पंधराव्या मानांकनाने जॉर्जियात बातुमीला गेलेली दिव्या झू जिनर, हरिका, तान झोंगयी यांना हरवत फायनलला पोचली आणि टायब्रेकमध्ये हंपीला हरवून विश्वचषक जिंकली, तो महिला विश्वचषकच होता, आणि हातात एकही ग्रँडमास्टर नॉर्म (त्या किताबासाठी स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक कामगिरी) नसताना त्या एका विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. बक्षीस मात्र ५० हजार डॉलर. त्याच वर्षी गोव्यात झालेल्या खुल्या विश्वचषकात विजेत्याला मिळाले ते याच्या दुपटीहून जास्त.

गोव्याचा निकाल दीर पुढे करतील, म्हणून आधीच सांगतो. तिथे २०६ खेळाडूंत दिव्या एकटी स्त्री होती आणि पहिल्या फेरीत बाहेर पडली. त्या फेरीत ७८ जण बाहेर पडले. उरलेले ७७ पुरुष होते.

आता तुमच्या मुलीचं. पुढच्या वर्षभरात चारातल्या तीन स्पर्धा ओपन, क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावांच्या. मुलींच्या गटातली निवड स्पर्धा आणि स्टेट खेळवायचीच, कारण नॅशनलचं दार तिथून उघडतं, पण ट्रॉफीसाठी म्हणून तालुक्या-तालुक्यातल्या गर्ल्स रॅपिड, म्हणजे कमी वेळेच्या डावांच्या स्पर्धा, नकोत. ओपनला नंबर बघायचा नाही, परफॉर्मन्स रेटिंग, म्हणजे त्या एका स्पर्धेतल्या खेळाचं रेटिंग, बघायचं. घरी येताना ‘कितवी आलीस’ विचारू नका, ‘कुठला डाव दाखवतेस’ विचारा, तुम्हाला चाली कळत नसल्या तरी चालेल. सरांना सरळ सांगा की मला हिचे दोन हजार करायचे आहेत, त्यासाठी आठवड्याचा आराखडा द्या. ते हसले तर क्लास बदला.

व्हरांडा तिला तुम्हीच मिळवून द्यायचा आहे. फेरीनंतर अर्धा तास थांबा आणि तिला पट घेऊन समोरच्याबरोबर बसू द्या. रात्रीच्या ब्लिट्झऐवजी दोन-तीन पालकांनी मिळून लॉजच्या लॉबीत पट मांडले तरी काम होतं, आया बाजूला गप्पा मारत बसतात, कुणाला घोर नाही. १६०० ते १८०० मधली चार-पाच मुलं-मुली जमवून दर रविवारी तीन तास लांब डाव खेळवा. यात शेजारच्या जिल्ह्यातला एखादा निवृत्त रेटेड खेळाडू मिळाला तर सोन्याहून पिवळं. आपल्या गावागावांत असे काका आहेत, विचारलं की येतात.

एक कडक नियम मात्र ठेवा. कोच ऑनलाइन शिकवत असेल तर ग्रुपवर पालक हवेत, मुलीशी खासगी चॅट नाही, स्पर्धेत कोचच्या खोलीत एकटीने तयारी नाही. फ्रान्समधल्या महिला खेळाडूंनी २०२३ मध्ये या खेळातल्या लैंगिक त्रासाविरुद्ध जाहीर पत्र काढलं, त्यातलं वर्णन वाचून आपल्याकडे हे नाही असं म्हणायची माझी हिंमत होत नाही. आणि त्रास नेहमी एवढा उघडही नसतो. दिव्या अठरा वर्षांची असताना नेदरलँड्समधल्या वाइक आन झेच्या स्पर्धेत खेळून आली आणि तिने लिहिलं की लोक माझे डाव सोडून कपडे, केस आणि उच्चार यांवर बोलतात. मुलगी तेरा-चौदाची झाली की हे तिच्याही कानावर येणार. ‘दुर्लक्ष कर’ एवढंच सांगून भागत नाही, हॉलमध्ये कुणी बोललं तर आर्बिटरकडे तक्रार करायची असते आणि ती तुम्ही करायची असते.

राहिलं दहावीचं वर्ष. त्या वर्षी मुलगेही थांबतात, पण ते मेमध्ये परत येतात. मुली परत येत नाहीत, अकरावीचे क्लास, प्रवास, ‘आता पुरे’ यांत जातात. हंपी मुलीच्या जन्मासाठी दोनेक वर्षं थांबली आणि २०१९ मध्ये जागतिक रॅपिड विजेती होऊन आली, तेव्हा थांबण्याने खेळ संपत नाही. दहावीत रोज वीस मिनिटं टॅक्टिक्स आणि महिन्यातून एक रॅपिड पुरे. फक्त बोर्डाच्या परीक्षेनंतरच्या पहिल्या क्लासिकल ओपनची एन्ट्री आणि रेल्वेचं तिकीट शक्य तितकं आधी काढून ठेवा. फी परत मिळत नाही म्हटलं की घरातलं कुणी नको म्हणत नाही.